मेलेल्या माणसाचा बेकारीचा अर्ज

नोकरीत केलेले बहुतेक तपास आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणती घरफोडी कोणत्या ठाण्यातली, असं विचाराल तर धड सांगता येणार नाही. नागपुरातलं हे एक प्रकरण मात्र काही केल्या जात नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

मध्यप्रांताचे दिवस होते आणि मंदी होती. शहरातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. माझ्या हद्दीतल्या एका कापड गिरणीनं विणकाम खात्याची आख्खी पाळी बंद केली आणि माणसं घरी बसवली. आजच्यासारख्या बेकारांच्या कचेऱ्या तेव्हा नव्हत्या. सरकारनं हात वर केले होते. शेवटी इतवारीतल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून एक समिती काढली. काम गेलेल्या माणसाला दर आठवड्याला ज्वारी आणि डाळ द्यायची, पण त्यासाठी अर्ज हवा. अर्जात स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, खातं आणि किती वर्षं काम केलं ते सगळं लिहायचं, वर गिरणीची कामावरून कमी केल्याची चिठ्ठी जोडायची. चिठ्ठीवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं तरच धान्य. खोटं नाव देणारा पोलिसांच्या हवाली केला जाईल, अशी पाटीच दारावर लावली होती.

त्या रांगेच्या बंदोबस्ताला आमचीच माणसं असायची. हातात कौशल्य असलेले विणकर तिथे खाली मान घालून उभे राहायचे. ओळखीचा कुणी दिसला तर तोंड फिरवायचे. भीक मागायला आल्यासारखं त्यांना वाटत असे, आणि समितीचे कारकूनही त्यांना तसंच वागवत. मला ते बघवत नसे, पण बंदोबस्त तर ठेवावाच लागे.

एके दिवशी सकाळी एक म्हातारा विणकर ठाण्यात आला. हवालदारानं त्याला दोनदा हाकललं तरी हलेना, म्हणून मी आत बोलावलं. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, ज्याले मी खांदा देला, तो माणूस धान्य घेऊन राहिला."

त्याच्याबरोबर मागावर उभा राहणारा एक तरुण विणकर नऊ-दहा वर्षांपूर्वी तापानं गेला होता. गावी नेऊन त्याला जाळलं, तेव्हा हा म्हातारा बरोबर होता. आणि आता समितीच्या वहीत त्याच माणसाच्या नावानं दर आठवड्याला कुणीतरी अंगठा करत होता. मी खबर रोजनामच्यात टिपली आणि त्या अंगठेवाल्याला ठाण्यात आणलं.

माणूस चाळिशीचा, काटक, बोलण्यात नम्र. दोन दिवस मी त्याला बसवून ठेवलं. नाव विचारलं की मेलेल्याचं नाव सांगे. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, गावातल्या पाटलाचं नावसुद्धा बरोबर. गिरणीचा जॉबर, म्हणजे मागांवर माणसं लावणारा मुकादम, ठाण्यात येऊन शपथेवर सांगून गेला की हाच तो. हवालदाराचं म्हणणं, दोन ठेवून दिल्या की बोलेल. मी नको म्हटलं. दयेपोटी नव्हे, अशा माणसाला मारलं की तो अधिकच मिटतो हे मला ठाऊक होतं. त्यानं फक्त एकदा विचारलं, वाटपाच्या दिवशी आपण हवालातीत असलो तर आपली ज्वारी दुसऱ्या कुणाला नेता येते का.

गावच्या कोतवालाच्या वहीत मृत्यूची नोंद असणारच होती. पण ती मागवायची म्हणजे आठ-दहा दिवस, आणि समितीचा तगादा सुरू झालेला. म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी पडताळ्याला गेलो. पंच म्हणून समितीचा कारकून बरोबर घेतला. वस्ती गिरणीच्या मागे, एकाला एक लागून खोल्या. त्याची बायको दारात आली. आत दोन लेकरं चुलीजवळ बसली होती आणि चूल विझलेली होती.

आमच्या ठाण्यातली एक रीत सांगतो. त्या काळी बाईला नवऱ्याचं नाव विचारून उपयोग नसे. ती नाव घेणारच नाही. पदर तोंडाला लावील, 'लेकराचे बाबा' म्हणेल, फार झालं तर शेजारणीला खुणावेल आणि शेजारीण नाव सांगेल. जबानीत तसंच लिहायचो, 'शेजारणीच्या तोंडून'. म्हणून मी शेजारणीला आधीच बोलावून ठेवलं होतं.

मी बाईला विचारलं, नवऱ्याचं नाव काय. शेजारणीनं तोंड उघडायच्या आत बाईनंच सांगितलं. सबंध नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत. मी नीट ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी आवाज जरा ओला झाला. शेजारीण जमिनीकडे बघू लागली.

घरी बसवून कुणीतरी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. काय सांगायचं ते शिकवलं, पण ते सांगताना अडखळायचं हे शिकवायचं राहून गेलं.

मला इतका आनंद झाला की मी गप्प बसूच शकलो नाही. कारकुनाकडे वळून म्हणालो, "लिहून घ्या. नवऱ्याचं नाव असं तोंड भरून घेणारी बाई मी अजून पाहिली नाही. हे नाव हिच्या नवऱ्याचं नाही." मग तिला विचारलं, कोणाचं आहे.

ती खाली बसली. "माह्या भावाचं हाये, साहेब."

पुढचं सगळं तिनंच सांगितलं. भाऊ गेला तेव्हा जॉबरनं मृत्यूची खबर गिरणीच्या कचेरीत जाऊच दिली नाही. हजेरीवर नाव आहे, मागावर कुणीतरी उभा कर, एवढंच म्हणाला. नवं नाव चढवायचं म्हणजे साहेबाकडे जाणं आलं, आणि जुन्या नावावर माणूस उभा केला की तो जॉबरच्या मुठीत राहतो. तिचा नवरा, म्हणजे मेलेल्याचा मेहुणा, त्या नावावर उभा राहिला तो नऊ वर्षं. असा तो एकटा नव्हता, त्या खात्यात कितीतरी होते. कुणी चुलत्याच्या नावावर, कुणी गाव सोडून गेलेल्याच्या. काम गेलं तेव्हा चिठ्ठी नावाला मिळाली, माणसाला नाही. मग अर्ज करणार तो कोणत्या नावानं?

हे ऐकताना माझा आनंद उतरत गेला. खबर खोटी निघाली, असा शेरा मारून मी कागद बंद करू शकलो असतो. करायलाही हवा होता. पण माझी हुशारी मी पंचासमोर पाजळली होती, आणि ती कारकुनाच्या कागदावर चढलीही होती. बोलून बसलो होतो.

तोतयागिरीचं चलान कोर्टात गेलं. पंधरा दिवसांनी मॅजिस्ट्रेटनं त्याला मुचलक्यावर सोडलं. समितीनं मात्र सगळ्या चिठ्ठ्या फिरून तपासायला काढल्या आणि त्या खात्यातली नावं भराभर कटली. तो म्हातारा विणकर पुन्हा ठाण्यात आला. मी चिडून म्हटलं, आता समाधान झालं ना? तेव्हा कळलं की तोही दुसऱ्याच्याच नावावर काम करत होता. त्यानं रांगेत खरं नाव सांगितलं, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं. म्हणाला, "धान्य त्याले भेटू नये म्हणून नोयतो आलो, साहेब. मेलेल्याच्या नावानं भेटते, तं मले खऱ्या नावानं भेटावं म्हणून आलतो."

मी स्वतः समितीच्या सेक्रेटरीकडे गेलो. गृहस्थ सभ्य होते, चहा दिला. म्हणाले, ठाणेदारसाहेब, मेलेल्या माणसाला धान्य देता येत नाही. आणि हा जिवंत आहे तो गिरणीच्या कागदात कधी कामावरच नव्हता, मग त्याला बेकार कसं म्हणावं? चहा पिऊन परत आलो.

ज्या दिवशी तो अंगठेवाला सुटला, त्या दिवशी बायको त्याला न्यायला ठाण्यात आली होती. सामानाचं गाठोडं बरोबर होतं. खोली सोडली होती, कुठल्याशा खाणीवर काम मिळतं का बघायला निघाले होते. मी कागदांवर सह्या करत होतो. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुमी एवढं सारं लिहिलं. माह्या घरच्यायचं काम गेलं का नाई गेलं, तेवढं त्याच्यात लिहिलं का?"

नव्हतं लिहिलं. तशी जागाच नव्हती फॉर्मात. मी म्हटलं, बाई, ते आमच्याकडे नाही, आणि पुढच्या कागदावर सही केली.

त्या तपासाबद्दल मला वरून शाबासकीचा शेरा मिळाला. पुढे कित्येक वर्षं नव्या पोरांना मी सांगत आलो की उलगडा झाला तरी तोंड लगेच उघडू नये, आधी त्यामुळे कुणाची चूल विझते ते बघावं. ती ऐकून घेत. पण मला स्वतःला छळतं ते एवढंच, की त्या बाईला नुसतं तोंडी तरी म्हणता आलं असतं, 'गेलं, बाई, तुझ्या नवऱ्याचं काम गेलं.' दुसरं कुणी म्हणणार नव्हतं. मीही म्हटलं नाही.