ओटीत आलेली कॅसेट

पांढरे हातमोजे घालून व्हिडिओ गेमची कॅसेट धरणारी माणसं मला बघवत नाहीत. दोन बोटांत धरून ती कॅमेऱ्यासमोर हळूहळू फिरवतात आणि खाली भाव लिहितात. अरे, त्या कॅसेटच्या तोंडात आम्ही थुंकलो आहोत! गेम चालू झाला नाही की कॅसेट उपसायची, उघडी बाजू तोंडाला लावायची आणि गाल फुगवून फुंकर मारायची. एकाची फुंकर लागू पडली नाही की दुसऱ्याने मारायची. पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा पोरांची थुंकी, दाण्याचं कूट आणि चिंचगोळ्या त्या पितळी पट्ट्यांवर वाळलेल्या आहेत. आज त्याला गंज म्हणतात आणि त्यापायी भाव पाडून मागतात.

हे मी तोंड वर करून बोलतेय खरी, पण हातमोजे माझ्याकडेही आहेत. दोन जोड.

मी विमा कंपनीत नोकरी करणारी, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. जुन्या कॅसेटी जमवते. जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथे माझ्या चेहऱ्याऐवजी एका कॅसेटचा फोटो असल्यामुळे सगळे मला 'भाऊ' म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. भाऊला खरा भाव सांगतील, बाईला शेंडी लावतील, असा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर होता, फक्त ते भाऊलाही शेंडी लावत.

लहानपणी या कॅसेटींना भाव असा नव्हता, फेरा होता. भाजीबाजाराच्या गल्लीत एक घड्याळवाला बसायचा, तो घड्याळांच्या पट्ट्यांशेजारी कॅसेटी मांडायचा. नवी घ्यायची तर शाळेच्या बुटांइतके पैसे पडत, त्यामुळे नवी कुणी घ्यायचंच नाही. जुनी द्यायची, वर दहा रुपये द्यायचे आणि दुसरी आणायची. मे महिन्याच्या सुट्टीत एकच कॅसेट सगळं पनवेल फिरून परत आमच्या घरी यायची. ती आमचीच हे कळावं म्हणून आम्ही सुई तापवून प्लॅस्टिकवर आपापलं अक्षर टोचून ठेवायचो. ग्रुपवर त्या टोचलेल्या अक्षरांना 'डॅमेज' म्हणतात.

मग घराघरांत कॉम्प्युटर आले आणि कॅसेटी माळ्यावर गेल्या. आईने आमच्या चार कॅसेटी जुन्या साड्यांबरोबर बोहारणीपुढे ठेवल्या, तर तिने साड्या घेतल्या, परात दिली आणि कॅसेटी तेवढ्या उंबऱ्यावर परत सरकवल्या. इतकी त्यांची किंमत. पुढे नोकरीला लागल्यावर एकदा कळंबोलीच्या भंगारच्या गोदामात मला पोतंभर कॅसेटी दिसल्या. बादल्या आणि मोडक्या खुर्च्यांबरोबर किलोवर चालल्या होत्या. पन्नास रुपयांना एक पिशवी भरून घरी आणली. रात्री जेवणं झाल्यावर एकेक पुसून, लावून बघायची. नवरा हसायचा. तेव्हा मी सुखात होते, हे सांगून टाकते.

मग लॉकडाऊन आलं. घरात कोंडलेल्या लोकांना आपलं बालपण आठवलं, आणि या वेळी आठवताना त्यांच्या खिशात पैसे होते. पन्नासची पिशवी जाऊन एकेक कॅसेट तीनशेला झाली, मग आठशेला. वर्षभरात लोक हजारांत बोलायला लागले. भाव आला तशी घाणही आली. चीनमधून कोऱ्या नकली कॅसेटी यायला लागल्या आणि त्यांची चित्रं चहाच्या पाण्यात उकळून जुनी दिसावीत म्हणून पिवळी करायची टूम निघाली. माझ्याकडे अशी एक आली. पाकीट उघडलं तर आल्याचा वास. बालपण म्हणून चहापत्तीत शिजवलेला कागद विकणारा माणूस घरी काय खात असेल, असा प्रश्न मला पडला होता.

लबाडी उघडी पडली तसे साध्या कॅसेटींचे भाव कोसळले. ग्रुपवर सुतकी कळा आली. चढत राहिला तो फक्त एका मालाचा भाव, मूळ जपानी कॅसेट आणि तीही तिच्या पुठ्ठ्याच्या डब्यासकट. ते आकडे वाचले आणि मला काकीची आठवण झाली.

आठवण झाली हे फार सोज्वळ झालं. मला काकीकडच्या डब्याची आठवण झाली.

काकी आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची. मूळची आपटा गावची. काका बोटीवर आचारी होते, वर्षातून एकदा घरी यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण एका वर्षी ते जपानहून एक निळी कॅसेट घेऊन आले, डब्यातली. बिल्डिंगमधल्या पोरांसाठी. त्यात एक कोल्हा डोंगर चढायचा. अक्षरं कुणालाच वाचता यायची नाहीत, म्हणून कोल्हा काय बोलतो ते आम्हीच ठरवायचो. आमच्याकडची खेळायची यंत्रं जपानी यंत्राची नक्कल असल्यामुळे ती बरोबर बसायची. काकीचा नियम एकच, हातपाय धुऊन यायचं आणि खेळून झालं की कॅसेट परत डब्यात. फुंकर मारायला बंदी. घड्याळवाला त्या एका कॅसेटीच्या बदल्यात तीन कॅसेटी द्यायला तयार होता, त्याला काकीने दारातून हाकललं होतं. दसऱ्याला काकांच्या सुऱ्या, झारा आणि उलथनं यांची पूजा व्हायची, त्यांच्या रांगेत तो डबाही बसायचा. दरवर्षी त्याच्यावर हळदकुंकवाचं एक बोट.

काका गेले. बिल्डिंग पाडली. काकी रोडपालीला एका खोलीच्या घरात गेली. काकांच्या बाराव्यानंतर मी तिच्याकडे एकदाही गेले नव्हते, आणि पनवेलहून रोडपाली म्हणजे काही परदेश नव्हे, रिक्षाने पाव तास. सात वर्षांनी मी अर्धा किलो पेढे घेऊन गेले.

काकी भाकरी चहात बुडवून खात होती. समोरचे दात गेलेले. "कवली करायची हाय," ती म्हणाली, "पन पैसं जमलं की दुसरं काय तरी निगतं." मी पेढा पुढे केला, तो तिने तोंडात घोळवत ठेवला. माझ्या पर्समध्ये दोन हजार रुपये वेगळे काढून ठेवलेले होते. डबा आठवण म्हणून मागायचा, नाहीच म्हणाली तर हे पुढे करायचे, असं मी रिक्षात ठरवलं होतं. त्या डब्याला त्या आठवड्यात चाळीस हजारांच्या वर भाव होता. तेवढ्यात तिची कवळी झाली असती आणि वर पैसे उरले असते. हे मला तिच्यासमोर बसून, तिच्या हातचा चहा पिताना माहीत होतं.

"काकी, तो कोल्ह्याचा डबा आहे का गं अजून?"

"हाय ना. आमी काय टाकून देनार नाय."

तिने कपाटातून तो काढला. कोपरे शाबूत, वर लाल-पिवळे थर. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी म्हटलं, "लहानपणची एवढी आठवण आहे त्याची." पैशाचं अक्षर काढलं नाही. तिने डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "तशीच नाय जायाचं. वटी भरून जा."

काका गेल्यापासून काकी स्वतः कुणाची ओटी भरत नाही. तिने समोरच्या घरातल्या सुनेला हाक मारली. ती पोरगी ओल्या हातांनी आली, मला कुंकू लावलं. मी ओढणी पसरली. तिने त्यात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. मागून काकी म्हणाली, "आनी ती डबी पन ठेव." पोरगी हसली आणि नारळाशेजारी डबा ठेवला.

ओटीत घातलेल्या वस्तूचे पैसे देत नाहीत. दिले तर तो अपमान. मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. दोन हजार वाचले. काकीच्या पाया पडताना माझ्या डोक्यात तो आकडा होता, आणि आज तो आठवला की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

ठेवणार होते मी तो डबा. खरंच ठेवणार होते. पण दोन आठवड्यांत ग्रुपवर कुजबुज सुरू झाली की जपानी मालही आता पडणार, ज्याच्याकडे असेल त्याने काढून टाका. माझी पाचावर धारण बसली. पुण्याचा एक जण बेचाळीस हजारांना तयार झाला, पण डाग चालणार नाही म्हणाला. मग मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि कुंकू पुसायला बसले. वर्षावर्षाचे थर होते. आधी वरचं लाल निघालं, मग खालची हळद, मग परत लाल. दोन तास लागले. कापसाचे गोळे लालभडक होऊन पडले होते. नवऱ्याने विचारलं, "काय गं, कुठे कापलं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि कापसाचा पुढचा गोळा बुडवला.

पनवेल स्टँडच्या बाहेर उसाच्या रसाच्या दुकानात तो गृहस्थ आला. भाऊऐवजी बाई बघून गडबडला. मग हातमोजे चढवले आणि डबा नाकाशी नेऊन लांब श्वास घेतला. "मॅडम, उदबत्तीचा वास आहे हो," तो म्हणाला आणि वासाचे दोन हजार कापले. मी कापू दिले. चाळीस हजार पर्समध्ये टाकून रसाचेही पैसे त्यालाच द्यायला लावले.

महिन्याने त्याने तो डबा ग्रुपवर विकायला ठेवला, एक लाख दहा हजारांना. सोबत त्याच्याच आवाजातला व्हिडिओ. रायगड जिल्ह्यातल्या एका भंगारात, उंदरांच्या लेंड्यांतून त्याने ही दुर्मीळ वस्तू कशी वाचवली याची गोष्ट. खाली शंभर जणांनी हात जोडले होते. मला भयंकर राग आला. आधी आला तो सत्तर हजारांचा. भंगार हा शब्द मला दुसऱ्यांदा बघताना ऐकू आला. काकीची ती खोली, पुसून लखलखीत केलेली फरशी, ते कपाट. आणि ते भंगार, ते उंदीर त्याने एकट्याने घातले नव्हते. हळदकुंकू आधी मीच पुसून दिलं होतं, मग त्याने हवं ते लिहिलं.

तेव्हा मात्र मी बँकेतून चाळीस हजार काढले, पाकिटात घातले आणि रोडपालीला गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. काकी, त्या डब्याचे बरेच पैसे आले गं, ते तुझेच आहेत, कवळी करून घे. आधी विकलं हे सांगायचं आणि लगेच पाकीट पुढे करायचं, म्हणजे मधे जागाच राहणार नाही.

काकी खाटेवर बसून लसूण सोलत होती. मला बघून खुलली. "बरा झाला आलीस. परवा तो मानूस परत आलता."

"कोण माणूस?"

"डबीवाला. दोन वर्सं झाली येतो. कुनी सांगलं त्याला देव जाने. पैल्यांदा पाच हजार म्हनला. मग वीस. दिवालीला तीस. आता पन्नास देतो म्हनला. मी सांगलं, नाय रं बाबा, माझ्याकडं नाय ती."

माझा हात पर्सच्या चेनवर होता. "म्हणजे तुला भाव माहीत होता?"

"ठाव नसाया काय झालं? मी काय तान्ही हाय?"

"मग मला का दिलीस? त्याला दिली असतीस तर दात झाले असते तुझे."

"दात?" ती हसली. "अगं, यांनी बोटीवरचा पगार मोडून आनलेली वस्तू ती. मी गेली की पुतने येतील, पयलं कपाट उघडतील. म्हटलं कुनाच्या तरी हातात दिली पायजे. जो येतो तो पैसं काडून दावतो. तू आलीस ती पैशाचा एक शबुद बोलली नायस. मला वाटला, ही ठेवील. म्हनून वटीत घातली. वटीतलं कोन विकतंय?"

तेवढ्यात समोरची सून वाटीतून साखर परत द्यायला आली. काकीने तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं, "ही बघ. हिच्याकडं हाय आमची डबी. बरी हाय ना गं?"

"हो," मी म्हटलं. "कपाटात आहे."

काकीने मला आग्रह करून जेवायला घातलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पाकीट काढलं असतं तर ते कशाचे पैसे म्हणून सांगणार होते? सोमवारी ऑफिसला जाताना मी ते चाळीस हजार परत बँकेत भरले.