पिस्तुलाला काही झालेलं नाही

मालकांच्या गाडीतून उतरलो आणि माझ्या कमरेच्या पिस्तुलातलं मॅगझिन सरळ फरशीवर पडलं. खण्णकन! चाकणच्या प्लँटचं दार, समोर पाहुणे हार-गुच्छ घेऊन उभे, आणि ज्याच्या भरवशावर मालक फिरतात तो गनमन वाकून गोळ्या भरलेलं मॅगझिन उचलतोय. पाहुण्यांतला एकजण फिस्सकन हसला. मालक माझ्याकडे न बघता सरळ आत गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालो. पण आपल्याकडे फौजी पेन्शनवर आला की आपोआप मेजर होतो, तसा मीही मेजर झालो. बत्तीस बोअरचं हे पिस्तूल माझ्या स्वतःच्या लायसन्सवरचं. त्याच्यामुळेच गनमनची नोकरी मिळाली. सकाळी काळेवाडीतून निघायचं, मालकांना घरून घ्यायचं, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि ते जातील तिथे जायचं. मालक मागे बसून फोनवर असतात. ड्रायव्हर चाकणच्या बाजूच्या गावातला, त्याच्या तोंडाला मात्र कुलूप नाही. मोशीपासून चाकणपर्यंत ट्रॅफिकला शिव्या घालतो आणि मध्ये मध्ये मला विचारतो, "व्हय का न्हाई मेजर?" मी "व्हय" म्हणतो. दिवसभरातलं माझं निम्मं बोलणं एवढंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी बोलावून घेतलं. माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, हा सेफ्टीचा इश्यू आहे हो. सोमवारपर्यंत पिस्तूल नीट करून आणा. नाहीतर एजन्सीकडून दुसरा माणूस घ्यावा लागेल." त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्याचं मॅगझिन गळतं तो गनमन काय कामाचा?

मी काही उपाशी मरणार नव्हतो. पेन्शन आहे, दोन खोल्या स्वतःच्या आहेत. पण नोकरी गेली असती तर मला सकाळी उठून "मेजर" म्हणणारं कोण उरलं असतं? बायको गेली त्याला आता दुसरी दिवाळी येईल. मुलगी नागपूरला, तिच्या संसारात. रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि पाच मिनिटं ओरडते, "बाबा, फोन खाली घ्या, तुमचं नुसतं कपाळ दिसतंय!" मला काही तो फोन नीट धरता येत नाही. मग कपाळाशीच बोलते बिचारी.

शनिवारी सुट्टी टाकली. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं असल्याचं दोनदा बघितलं, गोळ्या डब्यात घालून डबा दुसऱ्या खोलीत ठेवला. मग एकेक करून बघायला बसलो. शेजारी चहा आणि खारी. हल्ली माझं जेवण म्हणजे बऱ्याचदा तेच. एका माणसासाठी तवा कुठे तापवत बसायचा?

मॅगझिन सुटायची कारणं काही फार नसतात. पहिलं म्हणजे ते पूर्ण आत गेलेलंच नसतं. पूर्ण भरलेलं मॅगझिन जरा जोर मागतं, तळहाताने ठोकून बसवावं लागतं. दुसरं, त्याला अडवणारा खटका झिजतो. तिसरं, मॅगझिनच्या अंगावर खटक्यासाठी जी खाच असते तिचे कोपरे गोल होतात. चौथं, खटक्यामागची स्प्रिंग मरते. आणि नुसता मळ साचला तरी खटका पुरता बाहेर येत नाही. मी सगळं ब्रशने साफ केलं. खाचेवरून नख फिरवलं, कोपरे धारदार. मॅगझिन सोडवायचं बटण दाबून सोडलं, टक्कन वर. मॅगझिन बसवलं, खटका लागल्याचा स्वच्छ आवाज. ओढलं, हलेना. उलटं-सुलटं केलं, गदागदा हलवलं, तळाशी बुक्क्या मारल्या. हलेल तर शपथ! दुसरं मॅगझिन लावून बघितलं, तेही तसंच घट्ट.

"घरी शहाणा आणि कंपनीत येडा, होय रे?" मी पिस्तुलाला म्हणालो. हसू आलं. मग लक्षात आलं की सकाळपासून घरात उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य, आणि तेही लोखंडाशी. हसू तिथेच जिरलं.

बायको असताना या घरात एवढी शांतता कधी नव्हती. फौजेतून सुट्टीवर यायचो तेव्हा ट्रंक दारात टेकवतोय न टेकवतोय तोच तिचा पहिला शब्द, "वाळलात!" पाणी नंतर, वाळलात आधी. एका वर्षी मेसचं खाऊन असा गरगरीत झालो होतो की शर्टाची बटणं लागेनात, तरी बाईसाहेब दारात, "वाळलात!" मी वैतागायचो. "अगं, डोळे तरी तपासून घे." तर म्हणायची, "माझे डोळे चांगले आहेत. तुमचंच हाड दिसतंय." पुढे पिंपरीतल्या मंडईतून भाजी घेऊन आलो तरी तेच. तासाभरात माणूस वाळतो का कधी?

घरी दोष सापडेना म्हणून दुपारी पुण्यात गेलो, जुन्या ओळखीच्या बंदुकीच्या दुकानात. दुकानदार म्हातारा, डोळ्याला भिंग लावून काम करणारा. त्याने पिस्तूल पार उघडलं, स्प्रिंग काढून ताणून बघितली, पुन्हा जोडलं. म्हणाला, "मेजरसाहेब, पिस्तुलाला काही झालेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग पडतं कसं? भूत काढतंय का? सोमवारी माझी नोकरी जाईल, आणि तुम्ही म्हणता काही झालेलं नाही!"

त्याने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. "कमरेचं कव्हर आणलंय? रिकामं मॅगझिन लावा, पट्ट्याला कव्हर अडकवा, आणि रोज जसे बसता तसे बसा."

मी पट्टा बांधला, उजव्या कमरेला कव्हरात पिस्तूल खोचलं, स्टुलावर बसलो. काही नाही. "उठा." उठलो, आणि मॅगझिन त्याच्या फरशीवर. खण्णकन!

म्हातारा उठून माझ्यापाशी आला. सफारीचा शर्ट वर केला, पट्ट्यात हात घातला. त्याची आख्खी मूठ आत गेली. पट्ट्याला मी खिळा तापवून नवीन भोकं पाडली होती, त्यांच्यावरून त्याने बोट फिरवलं. मग पिस्तुलाच्या डाव्या बाजूचं बटण दाखवलं. उजव्या कमरेला लावलं की ते बटण अंगाकडे येतं. मध्ये फक्त कव्हराचं पातळ झालेलं चामडं. पूर्वी तिथे मांस होतं, मऊ, काही टोचत नव्हतं. आता पट्टा ढिला, कव्हर पुढे सरकलेलं, आणि बसलो की माझ्याच कमरेचं हाड ते बटण दाबत होतं. खटका सुटायचा आणि उठलो की मॅगझिन खाली.

"जाड चामड्याचं कव्हर घ्या आणि पट्टा बदला, झालं काम," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत अगदी सहज विचारलं, "एवढे वाळलात, घरी कुणी बोललं नाही का?"

मी समोरची नवी कव्हरं उलटीपालटी करत राहिलो. त्या माणसाला वाटलं असेल, मेजर नव्या कव्हराच्या किमतीचा विचार करतोय.

सोमवारी नवा पट्टा, नवं कव्हर लावून मॅडमसमोर दहा वेळा उठलो-बसलो. नोकरी राहिली. गाडीत ड्रायव्हरने विचारलं, "काय निघालं वं मेजर?"

"स्प्रिंग गेली होती."

"तरी म्या म्हनत व्हतो, स्प्रिंगच आसंल!"

"व्हय बाबा, तू मोठा कारागीर," मी म्हणालो. रोज माझ्या शेजारी बसणारा माणूस, त्यालाही दिसलं नाही. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात. पण तीही रोज बघायचीच की.

संध्याकाळी काळेवाडीला परतलो. कुलूप काढलं, दार ढकललं आणि बूट न काढता उंबऱ्यातच उभा राहिलो. आत अंधार होता. खरंच वाळलोय गं या खेपेला, म्हण की एकदा.