कानवालीची निळी वही

तिला सगळे कानवाली म्हणत. कान मोठे होते म्हणून नव्हे. शिलाई मशीन बिघडलं की ती स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या पोटाला लावायची, लाकडी मूठ स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून म्हणायची, "हं, चालवा." मशीनने खोकायचं आणि हिने रोग सांगायचा. प्रशिक्षण केंद्रात पहिल्यांदा असं केलं तेव्हा अख्खा वर्ग खिदळला होता. चाळिशीची बाई, नि मशीनची नाडी बघते! तिने मूठ कानावरून हलू दिली नाही.

"शिडी आहे ही, शिडी!" सर म्हणायचे. सरांचं बोलणं म्हणजे ढिल्या पट्ट्यावरचं चाक, एकाच जागी दोनदा फिरायचं. "चार पायऱ्या. चार! पहिली, वर्गात शिकायचं. दुसरी, माझ्या हाताखाली राबायचं. तिसरी, एकटीने घरोघर जाऊन दुरुस्ती करायची, मी पाठीशी. पाठीशी! आणि चौथी..." इथे त्यांचं बोट खिडकीबाहेर जायचं. फाटकाला लागून केंद्राचा एक गाळा होता, हिरव्या दाराचा. सर ज्याचं नाव लिहून देतील, त्याला तो धंद्यासाठी मिळायचा.

त्या हिरव्या दारावर तिचा जीव जडला. घरी सासूबाई म्हणायच्या, "शिडी चांगलीच असते गं. पण धरून कोण उभंय ते बघावं."

"सर आहेत ना, आई."

"तेच म्हणतेय मी."

सर शिकवायचे मात्र मनापासून, ते नाकारून चालणार नाही. तिचं बोट धरून त्यांनी दाखवलं होतं, तेलाचा थेंब कुठे हवा नि कुठे नको.

तिसऱ्या पायरीवर तिने वही सुरू केली. सुट्या भागांची नावं डोक्यात राहायची नाहीत, आवाज मात्र जाता जायचा नाही. म्हणून ती आवाजच लिहायची. "जिन्याखालचे शिंपीदादा: टक् टक् खट्. सुई ठीक, दांडा सैल." "गच्चीवरच्या शिंपीणबाई: सळसळ, मग खुर्र. शटल घासतंय. घासून दिलं. पुन्हा वाजलं तर बदलणे." दोन वर्षांत आसपासच्या शंभरेक मशिनं त्या निळ्या वहीत येऊन बसली. सर पानं उलटायचे नि मान डोलवायचे. "ही विद्या आहे, विद्या! लेकीसारखी आहेस तू मला."

गाळा द्यायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "वही दे. समितीला दाखवतो. नुसत्या माझ्या शब्दाने काय होतंय?" तिने वहीवरचा तेलकट अंगठ्याचा डाग पुसून पाहिला, निघाला नाही. तशीच दिली.

पंधरा दिवसांनी विचारलं, "समिती बसली का, सर?"

"बसेल, बसेल."

महिन्याने विचारलं. "बसतेय, बसतेय."

"समिती आहे की अंड्यावरची कोंबडी?" सासूबाई म्हणाल्या.

एका सकाळी हिरवं दार सताड उघडं दिसलं. आत नवा रंग, नवं टेबल, आणि टेबलामागे सरांचा जावई. कालपरवापर्यंत मोबाइलची कव्हरं विकत होता. समोर निळी वही. अंगठ्याचा डाग जागच्या जागी.

जावयाने तिला ओळखलं नाही. "या ना ताई! काय बिघडलंय? काळजी नको, आमच्या सासऱ्यांनी वीस वर्षं खपून सगळे आवाज लिहून ठेवलेत." आणि तो खणखणीत वाचू लागला, "सळसळ! मग खुर्र!" पाळण्यातलं पोर खेळवावं तसा.

सर मागच्या स्टुलावरून उठले. कचरले-बिचरले नाहीत. "अगं, बरं झालं आलीस! चौथी पायरी सगळ्यांना झेपत नाही. नाही झेपत. तू याच्या मदतीला ये. कान तुझे, दुकान त्याचं. घरातलंच आहे."

ती काही बोलणार, तोच गच्चीवरच्या शिंपीणबाई मशीन घेऊन दारात. जावई पुढे सरसावला, स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ मशीनला लावली आणि टोक स्वतःच्या कानाला. कानवालीचे दात शिवशिवले. शिंपीणबाईंनी चाक फिरवलं. सळसळ. खुर्र.

"सुई बदलू," जावई म्हणाला.

शिंपीणबाई हिच्याकडे वळल्या. "सुई नाही बाई ही. तू सांग ना गं."

उत्तर जिभेवर होतं. ते बाहेर पडलं असतं तर त्याच क्षणी ती त्या गाळ्याची नोकर झाली असती. तिने सरांकडे पाहिलं. सर छताच्या नव्या रंगाकडे पाहत होते.

"त्यांना विचारा," ती म्हणाली. "वीस वर्षांची वही आहे."

आणि ती बाहेर पडली.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी देठ जरा जोरातच मोडला. "आणि त्या शिंपीणबाईचं गं? तिचं शिवण अडलं असेल."

"संध्याकाळी जाते. शटल बदलून देते."

मग ती भिंतीला टेकून बसली आणि एकाएकी म्हणाली, "लेकीसारखी आहेस तू मला." थेट सरांचा आवाज, तोच खर्ज, तोच शेवटचा हेल. सासूबाईंना हसू फुटलं. तिने पुन्हा म्हटलं, हळू. मग आणखी हळू, मशीन ऐकताना मिटायची तसे डोळे मिटून. सासूबाईंचं हसू विरलं.

"अहो आई," ती म्हणाली, "यात कुठेच काही वाजलं नाही हो."