वीस मिनिटांची कात्री

वेधशाळेत सगळे त्यांना चाळणीकाका म्हणत, तेही तोंडावर. कामच तसं होतं: उपग्रहाने धाडलेले क्ष-किरणांचे आकडे रोज सकाळी चाळायचे. पृथ्वीभोवतीच्या कणांच्या पट्ट्यातून जाताना उपग्रहाचं यंत्र वेडेवाकडे आकडे देतं, म्हणून पट्ट्याच्या अलीकडची-पलीकडची दहा-दहा मिनिटं कापायची असा नियम. काका वीस-वीस कापत. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी एकदा त्यांच्या स्वच्छ आलेखाचं कौतुक केलं होतं. तेवढ्यावर गडी सतरा वर्षं खूश.

बाईंचा जीव एका जोडताऱ्यात अडकला होता. एक साधा तारा, दुसरं कृष्णविवर. विवर ताऱ्याचा वायू ओढतं आणि आत पडण्याआधी तो तापून क्ष-किरण फेकतो. पण हे कधीतरीच, एरवी सगळं थंड. बाई शिकत होत्या तेव्हा हा जोडतारा एकदा भडकला, पण कळेपर्यंत ऐन भरात आला होता. तेव्हापासून बत्तीस वर्षं त्यांना एकच हवं होतं, भडकण्याची सुरुवात. आकडा वाढला रे वाढला की मोठी दुर्बीण तिकडे वळवायची, अशी परवानगीही काढून ठेवलेली. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

आणि तो भडकला. त्या आठवड्यात तो नेमका पट्ट्याच्या कडेला, काका जादा कापत त्याच दहा मिनिटांत दिसत होता. सलग तीन सकाळी काकांनी वाढलेले आकडे पाहिले, कणांचा कचरा म्हणून कापले आणि निवांत चहा घेतला. चौथ्या दिवशी परक्या वेधशाळेची बातमी आली: तारा पूर्ण तेजात.

आपल्या उपग्रहाला दिसलंच नाही, असं बाई धरून चालल्या. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. बायकोही म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण दोन दिवस ते कापलेले आकडेच पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कापलेल्या आकड्यांचा कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

बाईंनी पहिल्या वाढलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"सतरा वर्षं मी तुमच्या आलेखांवर डोळे मिटून विसंबले, काका," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय कापलंत?"

ते काकांनाही माहीत नव्हतं.