साबुदाण्याएवढा जीव

पिंपळगावच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी मांडीवरच्या डब्यातली बाटली मला दाखवली. पाण्यात साबुदाण्यासारखे दाणे होते.

"आमच्या लॅबमध्ये बनवते मी हे. आत जिवंत पेशी आहेत. त्या औषध बनवून बाहेर सोडतात."

एवढ्याशा दाण्यात जीव! मी बघतच राहिले. खड्डा आला की बाई डब्यावर हात ठेवायच्या, झोपलेल्या बाळावर ठेवावा तसा.

"सगळे सारखंच सोडतात?"

"नाही ना. एकाच दिवशी बनवलेले, माझ्याच हातचे. तरी एक भरभरून सोडतो, दुसरा जेमतेम. म्हणून अजून पेशंटला देता येत नाहीत."

मी पॅकहाऊसमध्ये द्राक्षाच्या घडातले बारके मणी छाटते. म्हटलं, "मग कमीवाले काढून टाका की!"

त्या हसल्या. "उद्या तेच जास्त सोडतील. जिवंत आहेत ना."

कामावर पहिल्याच घडात बारका मणी दिसला. कात्री उचलली, पण हात पुढे होईना.