नाक वर केलेली गाडी

त्या गाडीचं नाक बघितलं की मला शिसारी यायची. दोन दारांची, छत मागे पडणारी जुनी विलायती स्पोर्ट्स कार. असल्या गाडीनं कसं, रस्त्याला चिकटून चाललं पाहिजे. आणि आमची ही बया पुढून वीतभर वर उचललेली, डबक्यातल्या म्हशीनं तोंड वर काढावं तशी. गोंदियाजवळच्या मुर्रीत माझं छोटंसं गॅरेज आहे. मोटरसायकली, ट्रॅक्टर, कधी एखादा ऑटो, सगळ्यांची घाण मी हातानं काढली आहे. पण या गाडीखाली शिरताना मी नाकाला रुमाल बांधायचो.

गाडी आमच्याकडे आली ती अशी. माझे वडील जन्मभर गोंदियातल्या एका राइस मिलवाल्याकडे ड्रायव्हर होते. म्हातारा शेठ गेला, पोरांनी मिल विकली आणि जाताना बाबांना म्हणाले, गोदामात ती जुनी गाडी पडली आहे, हवी तर ने. बाबांनी ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. मी वर्षभर राबलो. इंजिन चालू केलं, पत्रा सरळ केला, सीट शिवून घेतल्या. तेवढ्यात बाबांची छाती भरून यायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, जे काय हौसेचं असेल ते करून घ्या. बाबांची हौस एकच, ती गाडी एकदा स्वतः चालवायची. पण मी चावी पुढे केली तर हात मागे घेतला.

"आधी समोरून उतरव. नाक वर करून नाई फिरत मी."

मग काय, चाकं काढली. आत पाहिलं आणि डोकंच फिरलं. कोण्या बयताडानं मालवाहू टेम्पोच्या स्प्रिंगा कोंबल्या होत्या. त्या मापात बसत नव्हत्या म्हणून खाली लोखंडाचे तुकडे ठेवून वेल्डिंग मारलेलं. त्यावर चिखल, उंदराचं घर, काळं पडलेलं ग्रीस, आणि त्या ग्रीसमध्ये केस. जाड, राठ केस. कशाचे ते तेव्हा कळलं नाही, पण हात तीनदा धुतले तरी वास जाईना.

मी शिव्या सुरू केल्या. रोज. बाबा समोर प्लास्टिकच्या खुर्चीत चहा घेऊन बसायचे आणि मी गाडीखालून बोलत राहायचो. ज्यानं हे केलं त्याचे हात झडले पाहिजेत. असल्या माणसाला पाना नाही, झाडू द्यायला पाहिजे. याच्या मायबापानं याला काय शिकवलं होतं? बाबा चहा संपवायचे, कप बाजूला ठेवायचे. मला वाटायचं, त्यांनाही माझ्यासारखाच राग येऊन राहिला आहे.

मापाच्या स्प्रिंगा मिळेनात. कोणी म्हणालं, कोहमाऱ्याला हायवेवर ट्रकचे कारागीर आहेत, तिथे जा. गाडी टेम्पोवर चढवून नेली. तिथला कारागीर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून आला, माझ्या ताज्या रंगावर लाल बोटं टेकवली आणि खाली वाकून बघितलं.

"गैस मार देते हैं भैया. स्प्रिंग लाल होगी, अपने आप बैठ जाएगी. दस मिनट का काम."

म्हणजे तापवून स्प्रिंगेचा जीव काढायचा आणि गाडी उतरली म्हणायचं. उद्या वळणावर तुटली तर बसणाऱ्याचं नशीब. मी नाही म्हणालो. तो माझ्या पायाजवळ पचकन थुंकला आणि म्हणाला, "तो फिर ऐसी ही घुमाओ." त्या बोटांचे डाग मी घरी आल्यावर रॉकेलनं पुसले. मला त्या माणसाची, त्या गाडीची, या अख्ख्या धंद्याचीच घाण वाटायला लागली होती.

रात्रीच्या जेवणाला बाबांना सगळं सांगितलं. ते ताटाकडे बघत होते.

"माळ्यावर जाऊन पाह," ते म्हणाले. "धानाच्या बियाच्या डब्यामागं. बारदान्यात."

सकाळी शिडी लावली. डब्यामागे खरंच एक जड बारदाना होता, सुतळीनं नीट शिवलेला. उसवला. आत दोन स्प्रिंगा, याच गाडीच्या मूळच्या. ग्रीसचा जाड थर, त्यावर मेणकापड, गंजाचा ठिपका नाही. प्रत्येकीला पत्र्याची चकती बांधलेली. एकीवर रंगानं लिहिलेलं 'डावी', दुसरीवर 'उजवी'. ते अक्षर मी ओळखतो. त्या अक्षरानं माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव घातलेलं आहे.

मी शिडीच्या मधल्या पायरीवरच बसलो.

खाली बाबा खुर्चीत होते. विचारायची गरज पडली नाही.

"छोट्या शेठाईले शिकारीचा नाद होता," ते म्हणाले. "धान कापला का रिकाम्या वावरात गाडी घालत. डुकरं, चितळ. वावराच्या उंच धुऱ्यावर गाडी खालून घासे. मले म्हनाले, उचल. मी उचलली."

"आणि ते केस?"

"समोर बांधून आनत. डिक्की भरली का बाकीची जनावरं समोर बांधत. पोटात पिलू असलेली पन. धुवाले मीच होतो."

बाबा मटण खात नाहीत. आई सांगायची, त्यांचा नवस आहे. आम्ही पोरं त्यांच्या ताटाशेजारी बसून हाडं चोखायचो आणि त्यांना चिडवायचो.

"मग कायले केलं, बाबा? नाही म्हणायचं होतं."

"तुमी तिघं शाळेत होते," ते म्हणाले, आणि दम लागला म्हणून थांबले.

कोणी काही म्हणो, खरं ते सांगतो. मला त्यांचीही किळस आली. क्षणभर नाही, चांगले दोन दिवस. स्प्रिंगा ओट्यावर तशाच पडल्या होत्या आणि मी गॅरेजमध्ये लोकांच्या मोटरसायकली उगाच खोलत बसलो. ज्याच्या हाताखाली काम शिकलो, त्याच हाताचं ते वेल्डिंग. तिसऱ्या दिवशी पहाटे आईनं हाक मारली. बाबा खाटेवर बसून श्वास ओढत होते, ओठ निळे. औषध दिलं, तासाभरानं उतार पडला. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, की हा माणूस त्या गाडीत न बसताच जाईल, आणि अबोला धरणारा मी असेन.

त्याच दिवशी कामाला लागलो. वेल्डिंग घासून काढलं, केस खरवडले, सगळं डिझेलनं धुतलं. मूळच्या स्प्रिंगा दाबून बसवायला भार हवा होता. बाबा खुर्चीतून म्हणाले, समोर फळी टाक अन् धानाचे कट्टे ठेव. घरातली चार भरलेली पोती चढवली. पाचवं पोतं नव्हतं, म्हणून आई पदर खोचून फळीवर जाऊन बसली. बाबा सांगत गेले, मी आवळत गेलो. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे.

कट्टे उतरवले तेव्हा नाक खालीच राहिलं. गाडी पहिल्यांदा गाडीसारखी दिसली. बाबा भिंत धरून उठले, चाकाजवळ वाकले, चाक आणि मडगार्डमध्ये चार बोटं घालून पाहिली. मग स्वतःच दार उघडून स्टिअरिंगमागे बसले. मी शेजारी बसलो.

"बाबा," मी म्हणालो, "ते जे मी बोलत होतो ना, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर नसतो बोललो."

"होय ना. म्हनून तं मी सांगतलं नाई," ते समोर बघत म्हणाले. "येवढ्या वर्सात मले कोनी शिव्या देल्ल्या नाई. कोनीतरी द्याले पायजे होत्या."

त्यांनी क्लच दाबला. पायात तेवढा जोर नव्हता, म्हणून मी हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यांच्यासोबत दाबला. गाडी हळूहळू रस्त्याला लागली.