होळीला चोर हवेत

गेल्या मंगळवारपासून मस्कतातल्या अल् घुब्राच्या या फ्लॅटमध्ये माझं कशातच लक्ष नव्हतं. चहा गार व्हायचा, पेपर तसाच पडायचा... बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी. लेक म्हणाली, "बाबा, घरमालक टाइल्सचे पैसे मागेल हं."

कारण होतं पुतण्याचा, महेशचा मेसेज. कोकणातलं आमचं शिरळकोंड आता गाव राहिलेलं नाही, शहराचा एक वॉर्ड झालंय. तेव्हा शिमग्याला आपली वेगळी होळी कशाला, शहराच्या मोठ्या होळीतच जाऊ, असं गावातले निम्मे लोक म्हणतायत. "काका, तुम्ही सगळ्यांत वडील. शुक्रवारपर्यंत कळवा, तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं... होळीचं झाड खांद्यावरून आणणार ते, आणि मस्कतात एसीखाली बसून हुकूम सोडणार मी. 'आपलीच होळी' असं लिहिलं, खोडलं. 'जा शहरात' असं लिहिलं, तेही खोडलं.

एरवी जीव थाऱ्यावर नसला की शाळेत पाठ केलेल्या कविता पुटपुटतो मी. या वेळी तिसऱ्याच ओळीला गाडी अडायची... पुढे नुसतं अंगण दिसायचं, होळीच्या खड्ड्याभोवती उभं असलेलं अख्खं गाव दिसायचं.

गुरुवारी संध्याकाळी खाली बाकावर पावेल भेटला. हा चेक माणूस आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, इथल्या गाला औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मशीन बसवायला आलाय. दोघांचंही इंग्रजी यथातथाच, म्हणून आमचं छान जमतं.

त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, माझंही गाव ब्रनो शहराने कधीच पोटात घेतलंय. पण त्याची आई दारासमोर ट्राममध्ये चढताना अजूनही "शहरात जाऊन येते" असंच म्हणते...

त्यांच्या जत्रेलाही एक उंच झाड सोलून उभं करतात, शेंड्याला रंगीत फिती बांधतात. आणि शेजारच्या गावाने ते गुपचूप येऊन पाडायचं, यांनी राखायचं. मी ताठ बसलो. अहो, आमच्या शिमग्यात दुसरं काय असतं... शेजारच्या भाटवण्याचे लोक आमची होळी, म्हणजे होळीचं झाडच, पळवायला टपलेले, आम्ही त्यांची.

"शहरात गेल्यावर बंद पडलं असेल," मी म्हटलं.

"पडत आलं होतं. पाडायला कुणी येईना, म्हणून राखायलाही कुणी थांबेना. मग माझ्या बापाने शेजारच्या गावात जाऊन म्हाताऱ्यांना विनवलं, एकदा या, पाडून जा. ते आले. पुढच्या वर्षी आमची सगळी पोरं पहाऱ्याला हजर. शिव्या देत."

घरी आलो आणि थेट बाबल्याला फोन लावला. हा भाटवण्याचा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. त्याचंही गाव आता वॉर्डच.

"मेल्या, हायस काय अजून?" ही त्याची सुरुवात.

"यंदा आमची होळी पळवायला येतोस का?"

"तुमची होळी उभीच राहत नाय म्हणतात. काय खड्डा पळवू?"

"उभी राहिली तर?"

"तर पोरांना घेऊन येतो. मी टेंपोत बसेन, गुडघे गेलेत. पण पहाऱ्याला तूच बस. मागं तुझ्या कविता ऐकून तुमचे सगळे झोपले, आमचं काम सोपं झालं होतं."

फोन ठेवला आणि महेशला लिहिलं, "काय ते तुम्हीच ठरवा. पण भाटवणेकर यंदा होळी पळवायला येणार म्हणतायत." त्याने ते लगेच गावाच्या ग्रुपवर टाकलं.

महिनोन्‌महिने 'गुड मॉर्निंग'वर जगणारा आमचा ग्रुप पेटला की हो. "येऊ देत तर खरे," पुण्याहून एकाने लिहिलं. "मी सुट्टी टाकतो." कुणी बॅटऱ्या आणतोय, कुणी पाळ्या लावतोय... शहराच्या होळीचं नाव कुणी काढलं नाही. शुक्रवारी माझं मत विचारायचं महेशही विसरला.

भाटवणेकरांचे उपकार मानावेत, असं या वयात पहिल्यांदाच वाटतंय...